कर हवा, पण पुस्तकांवर नको
गेम, सॉफ्टवेअर, ई-बुक असं पैसे देऊन डाउनलोड केलेलं काही म्हणजे हातात धरायची वस्तू नाही, मग त्यावर कर कशाला, असं काही जण म्हणतात, ते मला पटत नाही. गेम, सॉफ्टवेअर विकून कोणी कमावतंय तर जीएसटी लागू दे की, दुकानदार नाही का भरत. पण पुस्तकांचं काय? छापील पुस्तकावर जीएसटी शून्य. तेच ई-बुक घेतलं तर ५ टक्के, आणि तेही जुलै २०१८ पासून, त्याआधी १८ होता. आणि ज्याची छापील आवृत्ती निघालेलीच नाही त्या ई-बुकला १८ टक्केच, म्हणजे छपाईला पैसे नाहीत म्हणून थेट ई-बुक काढणारा नवा लेखक १०० रुपये किंमत ठेवतो आणि वाचकाला ते ११८ ला पडतं, हा कुठला न्याय? माझी आई मोतीबिंदूच्या ऑपरेशननंतर टॅबवर अक्षरं बोटांनी मोठी करकरून वाचते, छापील पुस्तकातला बारीक टाइप तिला आता झेपतच नाही. तिने का जास्त भरायचं? ब्रिटनने मे २०२० पासून ई-बुकवरचा व्हॅट शून्य केला, छापील पुस्तकासारखाच. आपल्याकडेही व्हायलाच हवं.