घटपर्णीची मुळे काळी दिसतात, घटही धरत नाहीत: मूळकूज समजावी का?

प्रश्न
माझ्या घटपर्णीचे (पानांच्या टोकाला किडे पकडणारे, झाकण असलेले घट धरणारे झाड) जुने घट झाकणाकडून वाळत आले आहेत आणि गेल्या तीन पानांच्या तणाव्यांवर आलेले गव्हाच्या दाण्याएवढे घट वाढण्याआधीच काळे पडून सुकले. काल कुंडीच्या कडेला थोडे उकरून पाहिले, तर मुळेही काळी दिसली. पाणी नळाचे असले तरी उकळून गार केलेले देतो आणि खालच्या बशीत ते सतत असते. झाड उपटून मुळे छाटावीत का?

प्रतिसाद 1
कृपया उपटू नका. घटपर्णीची निरोगी मुळेही काळपट आणि बारीकच असतात, त्यामुळे इतर झाडांना लावतो तो रंगाचा निकष इथे चालत नाही. एखादे मूळ चिमटीत धरून हलके ओढल्यावर साल निसटून आत नुसता दोरा उरला किंवा मूळ बुळबुळीत लागले, तरच कूज समजावी. जुना घट झाकणापासून खाली वाळत जाणे हा वयाचा भाग आहे. कोवळे घट मात्र बहुधा कोरड्या हवेने किंवा अपुऱ्या उजेडाने सुकतात. ज्या पानाचा घट सुकला त्याला तो पुन्हा येत नाही, म्हणून जास्त दमट, उजेडाच्या जागी हलवल्यावर पुढच्या दोन-तीन पानांची वाट पाहावी लागते. हा काळ फार जड जातो, हे अनुभवाने सांगतो.

प्रतिसाद 2
मला पाण्याचीही काळजी वाटते. उकळल्याने पाण्यातले सगळे क्षार जात नाहीत. पावसाचे किंवा आरओ फिल्टरचे, टीडीएस मीटरवर (पाण्यात विरघळलेले क्षार मोजणारे उपकरण) 50 पीपीएमच्या (दशलक्ष भागांत 50 भाग) आत भरणारे पाणी वरून घालावे आणि ते निथळून जाऊ द्यावे. बशीतले पाणी सॅरासेनियाला (किडे पकडणारे दुसरे, दलदलीतले झाड) मानवते. घटपर्णीच्या मुळांना हवा लागते.

प्रश्नकर्ता
मूळ ओढून पाहिले. ते टणक आहे, सालही सुटली नाही. कुंडीच्या काठावर पांढरा थर आहे. आज मात्र शेंड्याचे पान चुरगळलेले दिसले आणि त्यावर चंदेरी ओरखडे आहेत.

प्रतिसाद 1
मग फुलकिड्यांचा संशय घ्यावा. पानाखाली पांढरा कागद धरून ते बोटाने टिचकावा. साधारण मिलिमीटरभर लांबीचे, रेघेसारखे किडे चालताना दिसले, तर कुंडी आजच इतर झाडांपासून वेगळी ठेवा, शेंडा आणि पानांची खालची बाजू स्वच्छ पाण्याने धुवा आणि आठवड्याने पुन्हा कागद धरून पाहा. पांढरा थर क्षारांचाच आहे. वर सांगितलेले पावसाचे किंवा आरओचे पाणी कुंडीतून भरपूर वाहू द्या.