आरामखुर्चीचा हात: आतल्या बाकात लाकूड उचकटतंय

लाकूडवेडी:
आजोबांच्या लांब हातांच्या आरामखुर्चीचा उजवा हात चिरलाय. डाव्या हातावरून पुठ्ठ्याचा साचा काढला, पालथा केला आणि जुन्या दाराच्या चौकटीतल्या सागवानातून कमानी करवतीने आकार कापून घेतला. जाडी ३६ मिमी. कोपराजवळ हात आत वळतो, त्या बाकात (वळणात) अडलंय. पटाशी अर्ध्या बाकापर्यंत छान चालते आणि पुढे गेलं की एकदम कुसळं निघतात. अर्धगोल कानस मारली की दिसायला ठीक, पण तळहात फिरवला की उंचसखल लागतं. पॉलिश पेपरने ते जात नाही. स्पोकशेव्ह (दोन मुठींचा छोटा रंधा) घ्यावी का? सपाट तळाची की गोल? शिवाय टोकाची मूठ गोल करायची आहे, ती दोन्ही हातांना सारखी कशी येणार? मशीन नाही, फ्लॅटमध्ये फार आवाजही चालत नाही.

झटपट_सुतार:
ग्राइंडरला फ्लॅप डिस्क (पॉलिश पेपरच्या पाकळ्यांची चकती) लावा, अर्ध्या तासात मोकळ्या. शेजाऱ्यांना त्या दुपारची नाटकाची तिकिटं काढून द्या.

निवृत्त_निदेशक:
ताई, ग्राइंडर राहू द्या. त्या चकतीने बाकात खड्डा पडायला एक क्षण पुरतो, आणि तो खड्डा भरून काढायला लाकूड कुठून आणणार?

तुमच्या पटाशीचा दोष नाही. लाकडाच्या रेषा, म्हणजे तंतूंची दिशा, बघा. फळीत रेषा सरळ जातात, तुम्ही त्या फळीतून बाक कापलात. म्हणजे बाकाच्या एका अंगाला रेषा पात्यापासून दूर पळतात, दुसऱ्या अंगाला पात्यावर चालून येतात. बाकाचा तळ ओलांडून तुम्ही त्याच दिशेने गेलात की पातं रेषेखाली शिरतं आणि फाळका वर काढतं. मांजराच्या पाठीवरून उलटा हात फिरवल्यासारखं. म्हणून आतल्या बाकात दोन्ही टोकांकडून तळाकडे उतरायचं आणि तळाशी थांबायचं. बाहेरच्या फुगवट्यावर याच्या उलट: माथ्यावरून दोन्हीकडे खाली. आयटीआयमध्ये मुलांना मी एवढंच सांगायचो, नेहमी उतारावर. चौकटीच्या लाकडात कुठे गाठ असेल तर तिच्या आजूबाजूला हा नियम मोडतो, तिथे हलका हात मारून बघायचं आणि लाकूड सांगेल तसं वळायचं.

स्पोकशेव्ह जरूर घ्या. फुगवट्याला सपाट तळ, आतल्या बाकाला गोल. हत्याराच्या तळाची गोलाई बाकाच्या गोलाईपेक्षा लहान हवी, नाहीतर पातं लाकडाला टेकणारच नाही. एकच परवडत असेल तर गोल घ्या, फुगवट्यावर ती जरा नाचते, पण चालवता येते. पातं एका कोपऱ्याला केसभर जास्त आणि दुसऱ्याला जवळजवळ आत, असं तिरकं बसवा. मग एकाच हत्याराने जाडही निघतं आणि पातळही, बाजू सरकवली की झालं. अंगठे मागे, पात्याच्या जवळ. लांब मुठींच्या टोकांना धरून ढकललंत तर तोल जाऊन तळ डुलतो आणि लाटा उठतात.

सागवानात वाळूचा अंश असतो, धार लवकर जाते. भुसा पडायला लागला आणि सलग साल निघेना, की दगडाकडे वळा. जोर वाढवू नका. आणि जुनी चौकट आहे ना? हत्यार लावण्याआधी लोहचुंबक फिरवा, मोडलेला खिळा आत असतोच.

कानशीचे उंचसखल भाग एका जागी घासल्यामुळे आलेत. कानस तिरकी धरून पुढे सरकता सरकता बाकाच्या कडेने ओढत न्या. आत गोल बाजू, बाहेर सपाट. कानस स्पोकशेव्हच्या आधी, नंतर नाही.

मुठीचा छेद ३६ बाय ३६ चौरस आहे असं धरतो. प्रत्येक कडेपासून १०.५ मिमीवर दोन्ही अंगांना पेन्सिलची रेघ मारा आणि कोपरा रेघेपर्यंत छाटा, अठपैलू झाला. बाजू २४ धरली तर ७, १०, ७ असे भाग पडतात, हे जुनं गणित कुठल्याही मापाला चालतं. मग अठाचे सोळा नजरेनेच. गोल शेवटी, तेही फार थोडं तासून. गोलाई नजरेने ठरवायला गेलात तर डावी-उजवी मूठ कधीच जुळणार नाही, अठपैलू जुळले तर गोल आपोआप जुळतात.

बाभळीचा_दांडा:
काका, आमच्याकडे नांगराला मुळातच वाकलेली बाभळीची फांदी शोधतात, रेषा बाकाबरोबरच वळलेली असते. ताईंच्या बाकात टोकाशी रेषा आडव्या तुटल्यात, तिथे खुर्ची ओढताना हात मोडणार नाही का?

निवृत्त_निदेशक:
बरोबर धरलंत. म्हणूनच साचा फळीवर तिरका ठेवून बघायचा असतो, जिथे जास्त ताण तिथे रेषा लांब राहावी. ताई, बाक फार खोल असेल तर त्या जागी जाडी कमी करू नका, सुबकपणासाठी सुद्धा नाही.

लाकूडवेडी:
बाक साधारण तीन बोटं खोल आहे, जाडी तशीच ठेवते. तळाशी, जिथे दोन्हीकडचे घाव भेटतात, तिथे बारीक खडबड उरली आहे. इथले पॉलिशवाले काच मारा म्हणतात, म्हणजे काचेच्या तुकड्याने खरवडा.

निवृत्त_निदेशक:
काच चालते, पण हातमोजे घाला आणि तुकडा कपची उडाली की टाकून द्या. मला जुन्या करवतीच्या पात्याचा तुकडा बरा वाटतो. कड घासून चौरस करा, मग ड्रिल बिटच्या मागच्या गुळगुळीत दांड्याने दाबून तिच्यावर सूक्ष्म ओठ, म्हणजे बारीक वळलेली धार, उठवा. ओढायच्या दिशेने जरा झुकवून ओढलं की उलट्या रेषेवरही पातळ कुरळी साल निघते. त्यानंतरच पेपर: १२०, १८०, २२०. बोटांवर गुंडाळू नका, बोटं मऊ जागी खड्डा करतात. हवाई चपलेचा तुकडा बाकाच्या गोलाईचा कापा, त्यावर पेपर. दिव्याचा उजेड बाजूने पडू द्या, वरचा लावलात तर काही दिसणार नाही. जोड चिकटवण्याआधी सागवान थिनरने पुसा, तेलकट असतं, आणि पुसल्यावर लगेच गोंद लावा.