'लिटल-एंडियन'ला मराठीत काय म्हणावं?

दाभोळखाडी
गुहागरला घरून काम करते आणि रविवारी गावातल्या चार मुलांना लिनक्सच्या ड्रायव्हरचा कोड वाचायला शिकवते. त्यांच्यासाठी मराठीत टिपणं काढतेय. लिटल-एंडियन म्हणजे आकड्याचा कमी किमतीचा, धाकटा बाइट आधी मांडणं; उलट मांडणी ती बिग-एंडियन. कुठल्याशा जुन्या यादीत 'लिटल-एंडियन'ला 'लघ्वंत्य' सापडलं, ते मी उचललं आणि तिथेच घात झाला.

आम्ही व्हर्च्युअल नेटवर्क कार्डाचा, म्हणजे व्हर्टिओचा, छोटा ड्रायव्हर लिहितोय. डेटाच्या प्रत्येक पाकिटाच्या पुढे १२ बाइटांचं हेडर, म्हणजे माहितीचं शीर्ष, असतं. त्यातला शेवटचा आकडा सांगतो, पाकीट किती बफरांत (मेमरीतल्या कप्प्यांत) पसरलंय. व्हर्टिओ १.० पासून हे आकडे लिटल-एंडियन ठरलेले आहेत. बिग-एंडियन गेस्टवर (आभासी संगणकावर) आमचा कोड ते न उलटवता वाचत होता, त्यामुळे १ च्या जागी २५६ दिसायचे. उरलेले २५५ बफर सापडेनात, म्हणून ड्रायव्हर पाकीट टाकून द्यायचा. साधं पिंग, म्हणजे चाचणीचा संदेश, परत येईना. रोजच्या लॅपटॉपवर दोन्हीकडे लिटलच, म्हणून इतके दिवस पत्ता लागला नाही.

एका मुलीने दुरुस्ती केली, ती नेमकी उलटी. तिने तो आकडा बिग-एंडियन धरला. गेस्ट होता तसाच राहिला, वर लॅपटॉपवर चालत होतं तेही बंद पडलं. तिला विचारलं तर म्हणाली, "ताई, लघ्वंत्य म्हणजे अंती लघु. धाकटा बाइट शेवटी." तिचं मराठी बरोबर आहे. मग शब्द कोणता घ्यायचा?

उलटीगणती
मुलगी शंभर टक्के बरोबर. मुळातल्या 'एंड'चा अर्थ शेवट नाहीच, टोक आहे. १७२६ च्या गलिव्हरच्या गोष्टीत अंडं कुठल्या टोकाने फोडायचं यावरून भांडण आहे; डॅनी कोहेन यांनी १९८० मध्ये तिथून हे शब्द संगणकात आणले. अंडं लहान टोकाकडून फोडायला सुरुवात, तसा आकडा लहान टोकाकडून मांडायला सुरुवात. 'अंत्य' लावणाऱ्याने अर्थच उलटा केला. माझं मत: 'लिटल-एंडियन' तसंच ठेवा. टेबल आणि बस चालतात, तसं हेही चालेल.

संस्कृतवाली
तसंच कशाला ठेवायचं? ज्या परंपरेत 'अङ्कानां वामतो गतिः' म्हणतात, तिला हे उसनं घ्यायची वेळ यावी? जुन्या ग्रंथांत 'वेद-चंद्र' म्हणजे एक्केचाळीस नव्हे, चौदा. वेद चार, ते एककाच्या घरात. चंद्र एक, तो दशकात. आधी लहान स्थान, मग मोठं. 'एककादि' आणि 'शिखरादि' म्हणा. 'आदि' आला की घोटाळाच संपला.

पोफळीखाली
संस्कृतात कशाला जाता, आपण रोज बोलतो तेच बघा. 'पंचवीस' म्हणताना पाच आधी, वीस मागून. पत्रावरचा पत्ता घ्या: आधी नाव, मग मु. पो., मग तालुका, शेवटी जिल्हा. हे लिटलच. पण 'एकशे पंचवीस' म्हटलं की शंभर आधी, मग पाच, मग वीस! पीडीपी-११ या जुन्या संगणकावर ३२ बिटांची संख्या अशीच मांडलेली असायची: मोठा अर्धा आधी, पण प्रत्येक अर्ध्यात धाकटा बाइट पुढे. आपली पोरं हे तोंडानेच शिकून आलेली असतात.

शब्द म्हणाल तर 'धाकटं-आधी' आणि 'थोरलं-आधी'. गणपतीत पोरांची पंगत आधी बसते, हे कोकणात कोणाला समजवावं लागत नाही.

दाभोळखाडी
'धाकटं-आधी' आवडलं. पण पुढची अडचण ऐका. त्याच बफरात हेडरच्या मागोमाग येणारं पाकीट मात्र नेटवर्कच्या नियमाने थोरलं-आधी असतं. पोर्ट ८० हेक्समध्ये, म्हणजे सोळाच्या पायावर, ००५०; उलटा वाचला की २०४८० होतो. म्हणजे एका ताटात दोन पंगती. लिनक्समध्ये यासाठी 'एलई१६' आणि 'बीई१६' असे वेगळे प्रकार आहेत, त्यांची सरमिसळ झाली तर स्पार्स हे कोड तपासायचं साधन ओरडतं. मुलांना आधी तेच चालवायला लावलं. मराठी शब्द त्या प्रकारांच्या शेजारी टिप्पणीत लिहायचाय, म्हणून दोनच अक्षरांत मावला तर बरं.

उलटीगणती
मग 'एलई' लिहा की. इंग्रजीत दोनच अक्षरं आहेत.

सुतारआळी
आमच्याकडे याला शब्द आहे आणि तो कोणीच काढला नाही. ओंडका ओढताना वडील सांगायचे, "बुडखा पुढे घ्या." जाड टोक पुढे, शेंडा मागे. बिग-एंडियन म्हणजे बुडखा-पुढे, लिटल म्हणजे शेंडा-पुढे. मांडवाचा खांब पुरतानाही तेच बघायचं, बुडखा खाली, शेंडा वर. उलटा पुरलेला खांब वडील लांबूनच ओळखायचे, बुंध्याकडची जाडी वर दिसली की परत उपटायला लावायचे.

संस्कृतवाली
पण शेंडा म्हणजे माथा. मुलं माथ्यावरचा बाइट थोरला समजतील. परत तोच घात.

वेंगुर्ल्याची
आणि तुमचो बुडखोच चुकीचो! आमच्याकडे बुडखो म्हणजे झाड तोडल्यावर जमनीत रवता तो. ओंडक्याचा जाड टोक ता बूड. बुडखो पुढे घेतलो तर ओढतलास काय?

सुतारआळी
रत्नागिरीकडे दोन्हीला बुडखाच म्हणतात. वडिलांनी आयुष्यभर लाकूड तासलं, ते चुकीचं बोलले असतील असं मी मानणार नाही.

पोफळीखाली
आमच्याकडे दापोलीला जमिनीतला तो खुंट, आणि ओंडक्याचा बुंधा. बुडखा हा शब्द फक्त आजीकडून ऐकलाय, तोही केळीच्या बाबतीत.

वेंगुर्ल्याची
केळीचो तर गड्डो! उद्या बागेत दोन पोफळी तोडूच्या आसत. गड्यांका दोन्ही टोकां दाखवून इचारतंय आणि हयच सांगतंय.