चिपमध्ये पाणी पळतं, रक्त मात्र अडतं! मदत हवी आहे

नमस्कार मंडळी. कोल्हापुरात एम.एस्सी.च्या शेवटच्या वर्षाला आहे. प्रोजेक्ट असा, की २० मायक्रोलिटर रक्तातून पंप न लावता, सेंट्रिफ्यूज न फिरवता प्लाझ्मा (पेशी सोडून उरलेला पातळ भाग) वेगळा काढायचा आणि पुढच्या ठिपक्यावर रंग बघून ग्लुकोज तपासायचं. ओढून नेण्याचं काम फक्त केशाकर्षणाचं (अरुंद वाटेत द्रव आपोआप पुढे सरकतो ते).

चिप, म्हणजे रक्त वाहायला बारीक चॅनल असलेली पट्टी, घरगुतीच. उद्यमनगरात ॲक्रेलिक लेझरवर कापून घेतलं (कापणाऱ्या काकांना देव्हाऱ्याचं काहीतरी वाटलं), मध्ये डबल साइड टेप, वर ओएचपीची पारदर्शक प्लास्टिक फिल्म. चॅनल १ मिमी रुंद, ४ सेंमी लांब, खोली टेपच्या जाडीएवढी. रंगीत पाणी शेवटपर्यंत जातं. ईडीटीएच्या (रक्त गोठू न देणारं रसायन) जांभळ्या ट्यूबमधलं रक्त निम्म्यावर थांबतं. रक्त पाण्यापेक्षा तीन-चार पट घट्ट, अंतर दुप्पट झालं की वेळ चौपट, हे कळतं. पण हे सावकाश जाणं नाही, चक्क ठप्प होणं आहे.

मग फिल्मला आतून भांड्यांचं लिक्विड पुसून वाळवलं. रक्त धावलं! पण प्लाझ्मा गुलाबी. पेशी फुटल्या, आता रंग काय वाचू? तोंडाशी व्हॉटमन १ नंबरचा गाळणकागद लावला, तर त्याची छिद्रं ११ मायक्रॉनची आणि लाल पेशी ७-८ च्या. खुशाल पार. पेशी गाळणारं तयार मेम्ब्रेन बजेटात नाही. काय करू?

प्रतिसाद १
ताई, साबण सोडा. पॉलिव्हिनाइल अल्कोहोलचं १ टक्का द्रावण फिल्मला आणि ॲक्रेलिकला लावून वाळवा, म्हणजे पृष्ठभाग पाणी धरेल. कागद मात्र टाकू नका. पेशींच्या गुठळ्या झाल्या की तोच त्यांना अडवतो. त्या गुठळ्या करायला रक्तगट बघायचं अँटीसिरम (पेशी एकमेकींना चिकटवणारं द्रावण) कागदावर वाळवा. अँटी-ए निळं, अँटी-बी पिवळं, तुमचा रंग बिघडेल. अँटी-डी बिनरंगी असतं, ते घ्या. ते फक्त आरएच पॉझिटिव्ह पेशींना चिकटवतं, म्हणून आरएच निगेटिव्ह रक्तावर चालणार नाही, तेवढी मर्यादा रिपोर्टात लिहा.

धागाकर्ती
अँटी-डी सुचलंच नव्हतं राव! पण पेशी ४५ टक्के धरल्या तर हाती जास्तीत जास्त ११ मायक्रोलिटर प्लाझ्मा. त्यातला कागदच किती पिईल?

प्रतिसाद २
त्या कागदाची जाडी ०.१८ मिमी. ५ मिमीची टिकली कापली तर अडीच-तीन मायक्रोलिटर जातील. फक्त टिकली चॅनलच्या तोंडाला घट्ट टेकवा, फट राहिली की प्लाझ्मा कागदातच बसून राहतो.