सल्ला हवा : मॅग्नेटिक पिकअपचा अँप्लिफायर सिम्युलेशनमध्ये बरोबर, टेबलावर गडबड

गोदाकाठ_नांदेड
नमस्कार मंडळी. ईअँडटीसीच्या शेवटच्या वर्षाला आहे. प्रोजेक्ट साखर कारखान्यातल्या टर्बाइनचा वेग मोजायचा. ६० दातांचं चाक, समोर मॅग्नेटिक पिकअप (दात पुढून गेला की व्होल्टेज देणारा सेन्सर), तिथून २० मीटर शिल्डेड केबल, मग एलएम ३५८ या ऑपॅम्पचा (सिग्नल वाढवणारा आयसी) अँप्लिफायर आणि कंपॅरेटर (सिग्नल ठरलेल्या पातळीच्या वर की खाली ते सांगणारा भाग). साठ दात असल्यानं जेवढे आरपीएम तेवढेच हर्ट्झ, हिशोब सोपा. टर्बाइन ७००० च्या आसपास फिरतं.

एलटीस्पाइसमध्ये (सर्किट सिम्युलेशनचं सॉफ्टवेअर) इनपुटला १ व्होल्टची साइन दिली की सगळं छान चालतं. पण लॅबमध्ये मोटरवर चाक लावलं तर दर दातामागं सिग्नलला थरथरतं शेपूट येतंय आणि काउंटर जास्तीचं मोजू लालंय. ऑपॅम्प कोणता घेऊ? की दुसरं सॉफ्टवेअर वापरू? गाळप सुरू व्हायच्या आत बोर्ड तयार पाहिजे.

उदगीर_सर्किट
टीएल ०७२ ऑपॅम्प टाकून बघ. ३५८ फार मंद आहे.

वाळूज_टेस्टबेंच
ऑपॅम्प राहू दे, सॉफ्टवेअरही तेच ठेव. तुझ्या सिम्युलेशनमध्ये सेन्सरच नाही! नुसती साइन म्हणजे शून्य इम्पीडन्सचा (स्वतःचा काहीच अडथळा नसलेला) सोर्स. पिकअप म्हणजे चुंबकाच्या दांड्यावर बारीक तारेचे ढीगभर वेढे. म्हणून सोर्सच्या पुढं सिरीजमध्ये कॉइलचा रेझिस्टन्स आणि इंडक्टन्स टाक, आणि त्यानंतर ग्राउंडला केबलचा कपॅसिटन्स. रेझिस्टन्स मल्टीमीटरवर मिळेल. इंडक्टन्स कॉलेजच्या एलसीआर मीटरवर १ किलोहर्ट्झला मोज, पण पिकअप दातासमोर बसवूनच. लोखंड जवळ आलं की आकडा वाढतो.

समज ८०० ओहम आणि २०० मिलिहेन्री आले. केबलला मीटरमागं १०० पिकोफॅरड धर, म्हणजे २० मीटरचे २ नॅनोफॅरड. इंडक्टन्स आणि कपॅसिटन्सच्या या जोडीचा रेझोनन्स (ती जोडी आपणहून झणझणते ती फ्रिक्वेन्सी) ८ किलोहर्ट्झच्या जवळ येतो. इनपुटला १ मेगाओहम असेल तर क्यू (रेझोनन्स किती तीव्र ते) ११ च्या आसपास, म्हणजे त्या फ्रिक्वेन्सीला सिग्नल अकरापट फुगणार. तुझं टर्बाइन ७००० वर, त्याच डोंगराच्या चढावर! कमी वेगातही सुटका नाही. दाताची कड पुढून गेली की प्रत्येक वेळी कॉइल आणि केबल मिळून झणझणतात, कंपॅरेटर तीच झणझण मोजतो.

उपाय स्वस्त आहे. केबलच्या अँप्लिफायरकडच्या टोकाला आडवा, म्हणजे सिग्नल आणि ग्राउंडच्या मध्ये, १० किलोओहम लाव. क्यू एकच्या जवळ येतो. सिग्नल ७ टक्क्यांनी कमी होईल, तेवढा सोसायचा. आधी एसी अ‍ॅनालिसिस (फ्रिक्वेन्सीप्रमाणे सिग्नल कसा बदलतो ते) चालव आणि हा रेझिस्टर बदलून बदलून ग्राफ बघ, त्यात सगळं दिसतं.

टर्बाइनचा वेग चढवताना काय होतं ते बघायचं असेल तर ट्रान्झियंट अ‍ॅनालिसिस (वेळेप्रमाणे सिग्नल कसा बदलतो ते) कर. या पिकअपमध्ये वेग वाढला की फ्रिक्वेन्सीही वाढते आणि व्होल्टेजही. बिहेवियरल सोर्समध्ये (सूत्र लिहून व्होल्टेज ठरवायचा सोर्स) पुष्कळ जण साइनच्या आत वाढती फ्रिक्वेन्सी गुणिले वेळ असं लिहून मोकळे होतात. तसं केलं तर एकसारखा वेग वाढताना प्रत्यक्षात दुप्पट फ्रिक्वेन्सी येते. फेज म्हणजे फ्रिक्वेन्सीचं इंटिग्रल. एलटीस्पाइसमध्ये त्यासाठी आयडीटी फंक्शन आहे, ते वापर. कमाल टाइमस्टेप ५ मायक्रोसेकंदाच्या आत ठेव. आणि मेगाओहम लिहिताना पूर्ण 'मेग' लिही. नुसता एम म्हणजे तिथं मिली.

गोदाकाठ_नांदेड
दादा, लै आभार. ६४० ओहम, १७० मिलिहेन्री आले. लोड न लावता सिम्युलेशनमध्ये ८.६ किलोहर्ट्झला शिखर, आणि स्कोपवरचं शेपूटही जवळपास तेवढ्याच फ्रिक्वेन्सीचं! १० किलो लावला, शेपूट गेलं. आता वेग वाढवला की निगेटिव्ह अर्ध्यात ३५८ चं आउटपुट एकदम वर उडी मारतंय. सिम्युलेशनमध्ये असं काहीच दिसत नाही.

वाळूज_टेस्टबेंच
सिंगल सप्लायवर (निगेटिव्ह सप्लाय न देता) चालवतोयस ना? एलएम ३५८ चं इनपुट ग्राउंडच्या ०.३ व्होल्टपेक्षा खाली न्यायचं नसतं. त्याखाली गेलं की आउटपुट उलटू शकतं, आणि मॉडेलमध्ये हा दोष सहसा घातलेलाच नसतो. सिरीजमध्ये १० किलोओहम टाक, त्यानंतर उलटसुलट जोडलेले दोन डायोड. त्यापुढं कपॅसिटरनं जोडून इनपुटला अर्ध्या सप्लायचा बायस (स्थिर व्होल्टेज) दे. कंपॅरेटरला हिस्टेरेसिस (चालू आणि बंद व्हायच्या पातळीत थोडं अंतर) हवाच.

टीएल ०७२ चं सुचवलंय, पण ते इथं नको. त्याचं इनपुट निगेटिव्ह सप्लायपर्यंत पोचत नाही, आणि तुझा प्रश्न ऑपॅम्पच्या वेगाचा नव्हताच.

लातूर_मेंटेनन्स
वरचं सगळं बरोबर. बोर्ड कायमचा बसवायचा असेल तर मॅक्स ९९२४ बघ, तो याच सेन्सरसाठी केलेला आयसी आहे. सिग्नल जसा लहानमोठा होतो तसा त्याचा थ्रेशोल्ड (मोजायची पातळी) आपोआप सरकतो. हे डायोड आणि एकच ठरीव हिस्टेरेसिस घेऊन तेवढं जमत नाही.

आणि बाळा, एक गोष्ट कळकळीनं सांगतो. ओव्हरस्पीड ट्रिपला (वेग हाताबाहेर गेला की टर्बाइन बंद करणारी यंत्रणा) किंवा गव्हर्नरला (वेग ताब्यात ठेवणारा) जाणाऱ्या पिकअपवर तुझी वायर अजिबात जोडू नकोस. तुझा १० किलो तिथं लागला की त्यांचा सिग्नल कमी होईल, आणि त्या सिग्नलवर माणसांचे जीव अवलंबून असतात. ब्रॅकेटवर रिकामं भोक असेल तर शटडाउनमध्ये इन्स्ट्रुमेंटच्या माणसाकडून तुझा वेगळा पिकअप बसवून घे. दात आणि पिकअपमधला गॅप फीलर गेजनं (फट मोजायच्या पातळ पट्ट्या) त्यालाच लावू दे, आणि तो गॅप मला इथं कळव.