मदत हवी आहे: आबांच्या खिशातली छोटी टॉर्च सुधारू की फेकून दुसरी घेऊ?

मंडळी, टॉर्चमधलं कळणारं कुणी असेल तर जरा सांगा. आमच्या गावाकडं टॉर्चला बॅटरी म्हणतात आणि बॅटरीला सेल, त्यामुळं खाली कुठं घोळ झाला तर सांभाळून घ्या.

प्रकरण असंय की वडील, म्हणजे आबा, वय ६७, ऊस आणि थोडा हरभरा. थ्री फेज लाईट आठवड्यातले निम्मे दिवस रात्रीची असते, मग रात्री साडेबाराला मोटर चालू करायला आणि दारं धरायला जायचं. मोठी चार्जिंगची बॅटरी घरात आहे पण ती कधी चार्ज केलेली नसते तर कधी न्यायचा कंटाळा, म्हणून म्हणलं बंडीच्या खिशात कायम पडून राहील अशी छोटी घेऊ. ऑनलाईन ३८० रुपयांना एक झूमवाली मागवली, कंपनीचं नाव घेत नाही. बोटाएवढी आहे, साध्या पेन्सिल सेलवर चालते आणि त्याच मापाच्या १४५०० लिथियम सेलवर पण चालते. खोक्यावर २००० लुमेन (लुमेन म्हणजे एकूण उजेडाचं माप).

मी डिप्लोमावाला, आल्या आल्या मल्टिमीटर लावला. मागचं टोपण काढलं, मीटर १० अँपिअरवर, एक प्रोब सेलच्या बुडाला आणि दुसरा नळीच्या कडेला. फुल चार्ज लिथियमवर हाय मोडला १.४ अँपिअर, म्हणजे ३.७ व्होल्ट धरले तर ५ वॅटच्या आसपास. वॅटमागं १०० लुमेन पकडले तरी ५०० च होतात, त्यात भिंग पुढं सरकवलं की बराच उजेड नळीतच मरतो. २००० कुठून आले ते खोकं छापणाऱ्यालाच ठाऊक. लांबचं मात्र दिसतं, खोटं कशाला बोलू. मोबाईलच्या लक्स ॲपवर ३ मीटरवरून ६०० आले, अंतराच्या वर्गानं गुणलं की ५४०० कँडेला (झोताची तीव्रता), त्याच्या वर्गमुळाची दुप्पट १४७ मीटर, हा झोताचा पल्ला. म्हणजे तिथं पोचेपर्यंत उजेड पाव लक्स उरतो, चांदण्याएवढा. मोबाईलचं ॲप काय सोनाराचा काटा नव्हे, पण अंदाज येतो.

पण आबांना १४७ मीटरवरचं बघायचंच नाहीये ना! त्यांना पायापुढची १० फूट जमीन बघायचीय, पाचटात काय पडलंय ते. हा उजेड एवढा निळसर पांढरा आहे की सगळं राखाडी दिसतं. मागच्या महिन्यात बांधाकडंला घोणस होती, तिच्या अंगावरचे तपकिरी ठिपके आणि पाचट सगळं एकाच रंगाचं, तिनं कुकरसारखी शिट्टी सोडली म्हणून कळलं. त्या दिवसापासून मी झोपलेलो नाही म्हणलं तरी चालेल, नोकरीला मी इकडं चाकणला आणि ते तिकडं एकटे.

बाकीची दुखणी: प्रत्येक वेळी बटण दाबत गेलं की हाय, लो आणि मग स्ट्रोब, म्हणजे भराभर उघडझाप, आबा म्हणतात डिस्को लागला. दुसरं म्हणजे स्टार्टरच्या पेटीत किटकॅटची, म्हणजे फ्यूजची, तार बांधताना दोन्ही हात लागतात म्हणून ते टॉर्च तोंडात धरतात (मेन बंद करूनच, तेवढं मी बघितलंय), आणि ही पाच मिनिटात हातात धरवत नाही एवढी तापते, तोंडाचं सोडाच. आणि तिसरं, आईनं तो लिथियम सेल पेन्सिल सेल समजून भिंतीवरच्या घड्याळात घातला, दीड व्होल्टच्या घड्याळाला ४.२ व्होल्ट, घड्याळ गेलं.

तर एलईडी बदलून रंग नीट दिसतील असं करता येईल का, स्ट्रोब काढता येईल का, का सरळ दुसरीच घेऊ? सोल्डरिंग येतं, पण एलईडीचे पॅड खालच्या बाजूला असतात ते कधी केलेलं नाही.

झेनर:
भावा, एलईडी बदल, ड्रायव्हरला, म्हणजे एलईडीचा करंट आणि मोड सांभाळणाऱ्या सर्किटला, हात लावू नको. छोट्या टॉर्चमध्ये लोक ७१३५ चिपवाला ड्रायव्हर टाकतात, मोड हवे तसे मिळतात, पण तो व्होल्टेज वाढवत नाही, म्हणजे लिथियमशिवाय चालणारच नाही. आणि घड्याळाची गोष्ट ऐकल्यावर तुमच्या घरात १४५०० ठेवूच नये असं माझं मत. पेन्सिल सेलच्या मापाचा रिचार्जेबल, निकेल मेटल हायड्राइडवाला घे. हिशोब कर, २००० एमएएच गुणिले १.२ म्हणजे २.४ वॅटतास, १४५०० मध्ये ९०० गुणिले ३.७ म्हणजे ३.३. फरक आहे पण आकाशपाताळाचा नाही, उजेड कमी पडेल, तापणंही कमी होईल. शिवाय अशा स्वस्त ड्रायव्हरमध्ये सेल फार उतरला तर बंद करायची सोय बहुतेक नसतेच, लिथियम तसाच पिळला जातो.

एलईडीसाठी निचिया ५१९ए ४५०० केल्विन (केल्विन म्हणजे उजेडाची छटा) नाहीतर सॅमसंग एलएच३५१डी ९० सीआरआयवाली (सीआरआय म्हणजे रंग किती खरे दिसतात त्याचा आकडा) बघ. दोन्ही साडेतीन मिमी चौकोनी, तुझी जुनी पण त्याच मापाची असेल तर पॅड जुळतील, आधी मोजून घे. सीआरआय ९० च्या वर असला की तपकिरी तपकिरी दिसतं, लाल लाल. तुला हवंय ते हेच, लुमेन नाही.

बदलायला जुनी इस्त्री उलटी ठेवतात, तिच्यावर एलईडीची गोल पट्टी ठेवायची, ६३/३७ सोल्डर १८३ डिग्रीला वितळतं, ते चकाकलं की चिमट्यानं जुनी उचलायची आणि नवी ठेवायची. प्लस मायनस दोनदा बघ. वरचा घुमट मऊ सिलिकॉनचा असतो, कडेनं धर. परत बसवताना पट्टीखाली थर्मल पेस्ट लाव, स्वस्तात ती कोरडीच बसवलेली असते. पेस्टनंतर बॉडी आणखी लवकर गरम लागेल, घाबरू नको, उष्णता बाहेर येतीय म्हणून लागतीय.

गमबूट:
एलईडी येईपर्यंत भिंगाच्या आतून ट्रेसिंग पेपरचा गोल तुकडा लावा, टोकदार उजेड पसरट होतो. तोंडात धरायचंच असेल तर नळीवर सायकलच्या ट्यूबचा तुकडा चढवा, दातात घसरत नाही, चटका पण कमी बसतो. आणि चालताना टॉर्च कपाळाजवळ नको, कमरेच्या खाली धरायला सांगा, सावली लांब पडते म्हणून वेटोळं उठून दिसतं. डोक्याला बांधायची टॉर्च तिथंच मार खाते. तरी मण्यार काळीच, ओल्या मातीत कुठल्याच उजेडात भरवसा नाही. गमबूट आणि काठी पाहिजेच.

ओरिंगला, म्हणजे टोपणाच्या आट्यांजवळच्या रबरी रिंगला, सिलिकॉन ग्रीस लावा, व्हॅसलीन नको, काही रबर त्यानं फुगतं.

मूळ धागाकर्ता:
झेनर दादा, गमबूट काका, लई आभार. शनिवारी गावी जाऊन आलो. ट्रेसिंग पेपर लावला, सायकलची ट्यूब चढवली, निकेलवाले चार सेल आणि चार्जर दिला, लिथियम सेल मी परत घेऊन आलो. परत मोजायला मीटर नेला नव्हता पण अर्धा तास लावून ठेवली तरी कोमट. दोरी बांधून गळ्यात अडकवलीय, विहिरीत वाकताना खिशातून पडणार नाही. निचिया मागवलीय.

स्ट्रोबचं मात्र उलटंच झालं. काढतो म्हणलं तर आबा म्हणाले राहू दे. मोटरघर रस्त्याकडंला आहे, पाणी शेवटच्या सरीला पोचलं की हे उसाच्या त्या टोकाकडनं डिस्को लावतात आणि चुलता मोटर बंद करतो, फोन लागत नाही तिकडं.

आता एकच अडचण राहिलीय, आई इस्त्रीला हात लावू देईना. जुना बिडाचा तवा आहे, तो गॅसवर ठेवून जमेल का, आणि १८३ झालं हे कसं ओळखायचं?