मदत हवी आहे: लेपर्ड गेकोचं पिल्लू खाईना, दिवसभर गार कोपऱ्यातच पडून असतं

मुळाक्षर

नमस्कार मंडळी. घरात लेपर्ड गेकोचं (पाळीव पालीची एक जात) पिल्लू आलं आहे. वय साधारण दोन महिने, लांबी नाकापासून शेपटीच्या टोकापर्यंत १२ सेंमी, वजन ९ ग्रॅम (स्वयंपाकघरातल्या डिजिटल काट्यावर). अंगावर अजून पिवळे-काळे पट्टेच आहेत, ठिपके उमटलेले नाहीत. त्यामुळे मुलीने नाव ठेवलंय पट्टू.

आल्या आल्या खात नव्हतं. नव्या जागेत असं होतं हे वाचलं होतं, म्हणून हात लावला नाही, टाकीवर एका बाजूने कापड टाकून ठेवलं. मग एका संध्याकाळी दोन-तीन रातकिडे खाल्ले. ते बघण्यासारखं होतं: मान खाली घातली, शेपटीचं नुसतं टोक मांजरासारखं वळवळवलं आणि झडप! आम्हाला वाटलं, सुटलो. पण त्यानंतर पुन्हा बंद. रातकिडा समोरून गेला की डोळ्यांनी माग काढतं, एक पाऊल पुढे टाकतं आणि तसंच थांबतं. रातकिडा अंगावरून चालत गेला तरी ढिम्म.

टाकी काचेची, ६० × ३० × ३० सेंमी. डाव्या टोकाला काचेखाली बाहेरून हीट मॅट (विजेवर तापणारी पातळ चटई) चिकटवली आहे, तळाचा एक तृतीयांश भाग व्यापते. तिच्यावर आत कुंडीच्या अर्ध्या तुकड्याची गुहा. उजव्या टोकाला प्लॅस्टिकच्या डब्याला दार कापून केलेली दुसरी. मधे पाण्याची उथळ वाटी. खाली पेपर टॉवेल. मागच्या काचेवर मधोमध गोल तापमापक आहे, तो २७ अंशांवर स्थिर असतो. आर्द्रता ३५ ते ४० टक्के.

आता प्रश्न. पट्टू कायम उजव्या गुहेत असतं, डावीकडे फिरकतही नाही. त्याला गारवाच आवडत असेल तर मॅट काढून टाकू का? खाण्यात बदल म्हणून कुणी वॅक्सवर्म (एक प्रकारच्या अळ्या) सुचवतंय, कुणी फळांचा गर. ज्यांच्याकडून पिल्लू घेतलं ते म्हणतात, वाळवंटातला प्राणी आहे, वाळू घाला म्हणजे खूश होईल. आणि नातेवाइकांचं एकमत आहे की ते एकटं पडलंय, जोडीदार आणा. शिवाय कॅल्शियमच्या दोन डब्या आहेत, एक डी३ जीवनसत्त्ववाली आणि एक साधी. नेमकी कधी कोणती?

जाणकारांनी कृपया मार्गदर्शन करावं.

दुपारची झोप

आमच्या ट्यूबलाइटमागची पाल बिनमॅटची, बिनकॅल्शियमची मजेत आहे. गंमत सोडा, पण एक खरी शंका: टाकीला वरून झाकण आहे का? काच चढून पसार नाही होणार?

कुंपणावरचा सरडा

@दुपारची झोप, नाही चढणार. भिंतीवरच्या पालीच्या बोटांखाली चिकटून राहणाऱ्या पट्ट्या असतात, लेपर्ड गेकोला त्या नसतात, फक्त नख्या असतात. आणखी एक फरक म्हणजे याला हलणाऱ्या पापण्या असतात, चक्क डोळे मिटून झोपतो. जाळीचं झाकण तरीही हवंच, घरात मांजर असेल तर नक्कीच.

@मुळाक्षर, माहिती व्यवस्थित दिलीत, बहुतेक जण फक्त "खात नाही, काय करू" एवढंच लिहितात. पण उत्तराआधी माझेच काही प्रश्न:

मॅटला थर्मोस्टॅट (ठरवलेलं तापमान राखणारं उपकरण) आहे का? डाव्या गुहेत, जमिनीवर, जिथे पोट टेकतं तिथे किती तापमान आहे? हवेचं नको. शेवटची विष्ठा कधी आणि कशी होती? शेपूट मुळाशी किती जाड आहे?

मुळाक्षर

थर्मोस्टॅट नाही. मॅट आपोआप एका मर्यादेपर्यंतच तापते असं देताना सांगितलं होतं. तारेच्या टोकाला सेन्सर असतो तसला तापमापक शेजारून मागून आणला आणि टोक डाव्या गुहेत पेपर टॉवेलवर ठेवलं. आकडा वाढतच गेला, ४३ वर थांबला. उजवीकडे २४.

विष्ठा गेल्या काही दिवसांत एकदाच दिसली, गडद तपकिरी आणि टोकाला पांढरा खडूसारखा भाग. शेपूट फार गुबगुबीत नाही, पण हाडंही दिसत नाहीत.

कुंपणावरचा सरडा

मला तुमचा मूळ प्रश्न वाचतानाच शंकेची पाल चुकचुकली होती. सगळं उत्तर त्या ४३ मध्ये आहे.

पट्टूला गारवा आवडत नाहीये, त्याला डावीकडे पोट टेकवता येत नाहीये. गेकोचं शरीर आपली ऊब आपण तयार करत नाही. खाल्लेलं पचवायला ती बाहेरून घ्यावी लागते. लेपर्ड गेको मूळचा अफगाणिस्तान, पाकिस्तान आणि वायव्य भारताच्या कोरड्या, खडकाळ पट्ट्यातला. दिवसभर कपारीत राहतो, तिन्हीसांजेला बाहेर पडतो आणि तापलेल्या दगडाची धग अंगात घेतो. तुमच्या टाकीत त्याच्यासमोर दोनच पर्याय आहेत: भाजणारी काच किंवा २४ अंशांचा कोपरा. शहाणं पिल्लू आहे, कोपरा निवडलाय. पण तिथे पचन मंदावतं. आधी खाल्लेले रातकिडेच पुढे सरकले नाहीत तर नवी भूक लागणार कुठून? शिकार बघून पाऊल उचलतं आणि थांबतं, त्याचा अर्थ मी तरी असाच लावेन. इच्छा आहे, पोट तयार नाही.

मागच्या काचेवरचा २७चा आकडा चुकीचा नसेलही, पण तो टाकीच्या मधल्या उंचीवरच्या हवेचा आहे. तिथे पट्टू राहत नाही.

आज करायचं काम: मॅट बंद करा आणि थर्मोस्टॅट मागवा. त्याचा सेन्सर उबदार गुहेत जमिनीवर, पेपर टॉवेलखाली पक्का बसवायचा, तापमान ३२ ला लावायचं. तिथे ३१ ते ३३ मिळालं की झालं. गार टोक २४-२५ आहे ते उत्तम. रात्री २०पर्यंत उतरलं तरी चालतं. थर्मोस्टॅट येईपर्यंत एक-दोन दिवस ऊब नसेल तर काही बिघडत नाही, फक्त त्या काळात खाऊ घालू नका, पाणी असू द्या. मॅट चालू-बंद करत हाताने सांभाळायचा मोह होईल, तो टाळा. रात्री तुम्ही झोपणार आणि मॅट तापणार.

आणखी एक. पट्टूला तळहातावर न घेता, स्वच्छ पारदर्शक डब्यात ठेवून खालून पोट बघा. लाल चट्टा, फोड किंवा रंग उडालेली जागा दिसली तर ते भाजलेलं आहे. मग घरगुती मलमं नकोत, सरपटणाऱ्या प्राण्यांवर उपचार करणारे पशुवैद्य गाठा.

सांजवेळ

+१. थर्मोस्टॅटशिवाय मॅट विकायलाच नको असं माझं मत आहे. फक्त एका बाबतीत सरड्यांशी थोडी असहमत. ऊब खालूनच हवी असं नाही. माझ्याकडे वरून हॅलोजन आहे, त्याखाली जाड सपाट दगड. दिवा दगड तापवतो, दिवा मालवला तरी दगड बराच वेळ उबदार राहतो. मूळ परिस्थितीच्या हे जास्त जवळचं आहे. अर्थात दिव्यालाही थर्मोस्टॅट लागतोच, आणि रात्री उजेड नको. लाल दिवासुद्धा नको, तोही त्यांना दिसतो.

आता खाण्याचं बोलते, ऊब सुधारल्यावर कामी येईल.

फळांचा गर विसरा. हा प्राणी फक्त किडे खातो, वनस्पती पचवायची सोय त्याच्या पोटात नाही. किडा त्याच्या दोन डोळ्यांमधल्या अंतरापेक्षा मोठा नको. या वयात रोज संध्याकाळी, पाच-सात छोटे किडे, दहा-पंधरा मिनिटांत जेवढे खाईल तेवढे. उरलेले रातकिडे मोजून बाहेर काढायचे. अंगावरून चालू देऊ नका, रात्री भुकेला रातकिडा झोपलेल्या गेकोला चावतो. साधारण सहा महिन्यांचं झालं की एक दिवसाआड, मोठेपणी आठवड्यातून दोन-तीनदा.

किड्यांना कोण जेवू घालतंय हा प्रश्न मात्र कुणी विचारत नाही! डब्यात उपाशी पडलेला रातकिडा म्हणजे नुसतं टरफल. गेकोला द्यायच्या आदल्या दिवशी त्यांना गाजर आणि हिरव्या पालेभाज्या खायला घाला. मीलवर्म (याही अळ्याच) वाटीतच ठेवा, वाटी गुळगुळीत कडांची हवी. रातकिड्यांच्या मागे पळण्यात पिल्लाचा व्यायामही होतो, म्हणून मी दोन्ही आलटून पालटून देते. वॅक्सवर्म म्हणजे नुसती चरबी. एकदा चटक लागली की बाकी सगळं नाकारतात. बागेतले किडे नकोत, फवारणीचा भरवसा नाही. काजवे तर चुकूनही नाहीत, विषारी असतात.

कॅल्शियम: किड्यांमध्ये फॉस्फरस जास्त आणि कॅल्शियम कमी, म्हणून पावडर लागते. किडे पिशवीत घालायचे, चिमूटभर पावडर टाकून हलवायचे, पांढरट दिसले की द्यायचे. टाकीला यूव्हीबी दिवा (ज्याच्या अतिनील किरणांनी अंगात डी३ तयार होतं) नसेल तर डी३ पावडरमधूनच मिळणार, त्यामुळे खाण्यावर भुरभुरायला डी३वाली, डबीवर लिहिलेल्या प्रमाणात. साधी पावडर बाटलीच्या झाकणात भरून टाकीत ठेवून द्या, हवी तेव्हा चाटेल. डी३वाली अशी उघडी ठेवायची नाही, जास्त झालं तर अपाय होतो. आठवड्यातून एकदा मल्टिव्हिटॅमिन. कॅल्शियम कमी पडलं तर जबडा मऊ पडतो, पाय वाकतात, चालताना थरथरतं. वाढत्या पिल्लात हे फार लवकर होतं.

कुंपणावरचा सरडा

हॅलोजनचा मुद्दा मान्य. नवी टाकी लावताना मीही वरूनच देईन. इथे मॅट आहेच, तर आधी ती ताब्यात आणू.

उरलेलं पटकन. वाळू नको. हा वाळूच्या टेकड्यांवरचा नाही, घट्ट माती आणि खडकांवरचा. पिल्लू किड्याबरोबर सुटी वाळू गिळतं आणि आतडं तुंबू शकतं, त्यातून ऊब कमी असेल तर जास्तच. कॅल्शियम सँड नावाने मिळते तीही नको. पेपर टॉवेलच ठेवा, विष्ठाही लगेच दिसते.

जोडीदार अजिबात नको. गेकोला एकटेपणा छळत नाही. नर एकमेकांना फाडतात. माद्यांमध्येही दबलेलं पिल्लू उपाशी राहतं आणि आपल्याला ते शेजारी शेजारी प्रेमाने झोपल्यासारखे दिसतात. शिवाय दोन महिन्यांच्या पिल्लाचं लिंग बघून ओळखणं अवघड. (जाता जाता: यांच्यात लिंग अंड्याला मिळालेल्या तापमानावर ठरतं. २६ अंशांच्या आसपास बहुतेक माद्या, ३२-३३ला बहुतेक नर, त्याहून वर गेलं की पुन्हा माद्या. तापमान या प्राण्याची पाठ जन्माआधीपासून सोडत नाही.)

तुमच्याकडे तिसरी गुहा दिसत नाही, ओली. छोटा झाकणाचा डबा, त्याला दार, आत ओलसर स्फॅग्नम मॉस (एक प्रकारचं शेवाळ) किंवा भिजवून पिळलेला पेपर टॉवेल. ती टाकीच्या मधे, उबेच्या कडेला ठेवा. कात टाकायला लागते. टाकी मोठी व्हायला हवी तेव्हा ९० × ४५ × ४५ सेंमीची घ्या, आत्ता घाई नाही.

वजन आठवड्यातून एकदा, एकाच वेळी. दर मिनिटाला नको. ९चं ८ झालं, शेपूट बारीक व्हायला लागली किंवा विष्ठा पातळ आणि घाण वासाची झाली तर विष्ठेचा ताजा नमुना घेऊन डॉक्टरांकडे. परोपजीवी तपासायला तोच लागतो.

आणि मुलीला सांगा, टाकीत हात घातला की नंतर साबणाने धुवायचे. साल्मोनेला हा पोट बिघडवणारा जंतू धडधाकट दिसणाऱ्या गेकोच्या अंगावरही असू शकतो.

मुळाक्षर

सर्वांचे मनापासून आभार. थर्मोस्टॅट बसवला, गुहेत आता ३१.८ ते ३२.६च्या मधे राहतं. पोट स्वच्छ आहे, चट्टा नाही. पट्टू आज दुपारी पहिल्यांदाच डाव्या गुहेत सापडलं, पोट जमिनीला सपाट टेकवून, मागचे पाय पसरून. विष्ठाही झाली, चांगली मोठी. वजन ९ वरच आहे. ओली गुहा केली आहे, मॉस भिजवून ठेवलाय.

पण रातकिडा मात्र अजून घेतला नाही. आणि सकाळपासून अंग पांढुरकं, निस्तेज दिसतंय, पट्टे धुरकट झाल्यासारखे. हे काय आता?

सांजवेळ

कात टाकायला आलंय. या वयात दर दोनेक आठवड्यांनी चालूच असतं. त्या एक-दोन दिवसांत बरेच जण खात नाहीत, आज आग्रह करू नका. "कात मीच ओढून काढते" म्हणू नका, पिल्लू स्वतःच काढतं आणि खाऊनही टाकतं, त्यामुळे टाकीत काही सापडलं नाही तर घाबरू नका. नंतर बोटांची टोकं आणि पापण्या नीट बघा. बोटाला कातीची कडी राहिली तर रक्त अडतं आणि बोट गळतं. राहिलेली दिसली तर कोमट पाण्यात, पोटापर्यंत येईल इतक्याच, दहा-पंधरा मिनिटं उभं करा आणि ओल्या कापूसकाडीने हलकेच सोडवा. नाही सुटली तर ओढू नका, दुसऱ्या दिवशी पुन्हा.

मुळाक्षर

बरं. मग आज रात्रीचे रातकिडे डब्यातच, गाजर खात. उद्या संध्याकाळी दोनच सोडून बघते, घेतले नाहीत तर काढून घेते.

कुंपणावरचा सरडा

दोनच सोडा, छोटे, पावडर लावून. आणि मागच्या काचेवरचा तो गोल तापमापक आता काढून टाका.